चार बोटं उतार

“आई, पाणी वर आलं!”

जयमालानं गाडीच्या मागच्या दारातून हाक मारली, तेव्हा मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. पाहुणे लोणंदच्या स्टँडवर उतरून रिक्षात बसल्याचा निरोप आत्ताच आला होता. विळी आडवी टाकून मी धावले. संडासाच्या भांड्यात पाणी काठाला येऊन थांबलं होतं, आणि जसं काही मलाच वाकुल्या दाखवायला बसलंय असं माझ्याकडं बघत होतं.

“किती टाकलंस?”

“अर्धी बादली. हळूहळू जातंय, पण जातंय.”

“हळूहळू जायला ते काय सासरी निघालंय? तुझ्या बापाला बोलव.”

आमचा धंदा आकाशपाळण्याचा. आठ महिने या जत्रेतून त्या जत्रेत, आणि पावसाळ्यात लोणंदजवळच्या मुरमाड माळावर मुक्काम. पाळण्याची माणसं आपापल्या गावी जायची, माळावर आम्ही तिघंच. घर म्हणजे लिलावात घेतलेली जुनी बस. बाकडी काढून तिच्यात खाटा टाकल्या, ओटा केला, देव्हारा बसवला, आणि सगळ्यात मागं, जिथं एके काळी गावचे टगे तंगड्या पसरून बसायचे, तिथं संडास. तो माझ्या हट्टाचा. त्याच्यासाठी आमच्या ह्यांनी गाडीच्या मागं जमिनीत दोन निळी पिंपं पुरली होती. गाडीतला पाइप पहिल्या पिंपात, तिथं गाळ बसायचा. वरचं पाणी दुसऱ्यात, आणि दुसऱ्यातून खडी भरलेल्या खड्ड्यात. कुणा इंजिनियरला विचारलं नाही. आमच्या ह्यांनी आयुष्यात कुणालाच काही विचारलं नाही.

तर हे आले, भांड्यात बघितलं, बाहेर जाऊन पिंपाजवळ उकिडवे बसले आणि विडी पेटवली.

“अहो, विडी काय ओढताय? ती बाई येईल आता!”

“ईल की.”

ती बाई म्हणजे द्वारकाबाई. फलटणला पिठाची गिरणी चालवायची. तिचा मुलगा सुधाकर रथाच्या जत्रेत आमच्या पाळण्यात बसला, आणि तिकिटाच्या खिडकीत जयमाला बसलेली बघून एवढे फेरे मारले की शेवटी खाली उतरून ओकला. तोंड पुसून पुन्हा खिडकीशी आला नि म्हणाला, “अजून एक द्या.” जयमाला हसली. तिथंच सगळं ठरलं होतं म्हणा ना. पण ठरवणारी पोरं वेगळी आणि ठरवणारी घरं वेगळी. याआधी दोन स्थळांनी ‘जत्रेतली पोरगी’ म्हणून आमचे पोहे खाऊन हात पुसले होते. जयमालाचं वय काही थांबून राहिलं नव्हतं. हे स्थळ गेलं असतं तर ती तोंडानं काही बोलली नसती, पण पुढच्या कुठल्या पाहुण्यापुढं ट्रे घेऊन आलीही नसती. मला माझी पोरगी ठाऊक आहे. माझ्यावरच गेलीय.

आणि त्या द्वारकाबाईनं मध्यस्थाकडून काय निरोप पाठवावा? “बाकी सगळं ठीक हाय. गाडीत राहतात, तर संडासाचं काय करतात तेवढं विचारा.”

माझ्या टाळूपर्यंत आग गेली. मी सांगून पाठवलं, “म्हणावं, या आणि डोळ्यांनी बघा. तुमच्या आळीतल्या निम्म्या घरांत नसंल असला संडास आमच्या गाडीत हाय. बसून बघा वाटलं तर.”

आता ती बघायला येत होती, आणि माझा संडास तुंबून बसला होता.

तसा तो आठ दिवसांपासून कुरकुरतच होता. मी गरम पाणी ओतलं, सोडा टाकला, फिनेल टाकलं. फिनेलनं पिंपातले किडे मरतात, त्यांच्यामुळंच तर गाळ जिरतो, असं हे म्हणाले. मी म्हटलं, किड्यांची काळजी मागनं करू, आधी माझी करा.

रिक्षा माळावर आली. पुढून रंगराव उतरले, म्हणजे द्वारकाबाईचे थोरले दीर. घरात त्यांचा शब्द चालायचा. सगळे त्यांना आबा म्हणायचे. पांढराशुभ्र नेहरू शर्ट, आणि चालणं असं, जसं काही माळ त्यांच्या नावावर आहे. मागून सुधाकर. शेवटी द्वारकाबाई. काटक बाई, केसांत पीठ की पिकलेले केस ते कळू नये अशी. तिनं गाडी पुढून मागपर्यंत बघितली आणि पायरीवर पाय ठेवायच्या आधी म्हणाली, “हौसाबाई, कुठाय त्यो संडास?”

“अहो, आधी बसा. पाणी घ्या.”

“पाणी मागनं.”

मी मनात म्हटलं, आली गं बाई, दात धरूनच आली. आबांना आणि सुधाकरला खाटेवर बसवलं, पोह्यांच्या बश्या दिल्या आणि तिला मागं नेलं. तिनं दार उघडून आत डोकावलं.

“भरलाय की.”

“भरला न्हाई. सावकाश उतरतोय.”

“किती सावकाश?”

“तुम्हाला काय घाई हाय का?”

“मला न्हाई. त्याला हाय का ते बघतीय,” ती म्हणाली आणि सरळ खाली उतरून पिंपांकडं गेली. आमचे हे उभे राहिले. विडी पाठीमागं लपवली, जशी शाळेतल्या बाईपुढं लपवतात.

“मेस्त्री, ह्याचं झाकण काढा.”

“अहो द्वारकाबाई!” मी पदर सावरत मागं धावले. “पाहुणीनं घाणीत बघायचं असतं का?”

“गिरणीच्या पट्ट्यात उंदीर मेला तर कोण काढतंय? पाहुणा?”

झाकणं निघाली. दुसऱ्या पिंपात पाणी होतं, पण बुडाशी. द्वारकाबाई म्हणाली, “ह्यात एक बादली ओता.” जयमाला नवी साडी खोचून बादली घेऊन आली. मी तिला डोळ्यांनी दटावलं, पण ती कशाला बघते. बादली ओतली. पाणी चढलं आणि बघता बघता खड्ड्याकडं निघून गेलं.

“खड्डा पाणी पितोय,” द्वारकाबाई म्हणाली.

“पिणारच. मुरूम हाय. आमचं काम कच्चं नसतं,” मी म्हटलं.

“कच्चं हाय म्हणालं का कुणी? आता पयल्यात ओता.”

पहिल्यात ओतलं. ते दुसऱ्यात गेलं. कुठं अडलं नाही.

“म्हंजी पिंपं ठीक. खड्डा ठीक. मग दुखणं गाडी आणि पिंपाच्या मधीच हाय.”

“मध्ये पाइप हाय. नवा हाय. आतून गुळगुळीत हाय,” मी म्हटलं. “तुमच्या डोक्यात बाकी काही असंल तर सांगा. आमच्या पोरीत दोष काढायला संडासाच्या वाटेनं यायची गरज न्हाई.”

माझी जीभ अशी आहे. सुटली की सुटली. जयमालानं “आई” म्हणून माझा दंड धरला. द्वारकाबाईनं माझ्याकडं बघितलं. मग आमच्या ह्यांना म्हणाली, “मेस्त्री, बांबूची कामटी हाय?”

ह्यांनी कामटी आणली आणि पाइपात या टोकापासून त्या टोकापर्यंत घातली. चिंधी नाही, दगड नाही, काही नाही. नुसता गाळ, जो पाइपभर सारखा पसरलेला. हे कोड्यात पडले. पुन्हा घातली. पुन्हा तेच.

“बघितलं? काही न्हाई,” मी म्हटलं.

द्वारकाबाई खाली बसली. एक डोळा मिटून तिनं पाइपाच्या कडेनं बघितलं. तो गाडीपासून पिंपापर्यंत विटांवर ठेवलेला होता. “मेस्त्री, ह्यो बसवताना मापानं बसवला का नजरंनं?”

एवढ्या वेळात आमच्या ह्यांच्या तोंडावर पहिल्यांदा तेज आलं. कुणी मापाचं विचारलं की त्यांना असं होतं. पाळण्याचा पाया बसवताना सगळा खेळ लेव्हलचा असतो. चार कोपऱ्यांत सुताचा फरक राहिला तर वर गेलेला पाळणा डोलतो, आणि डोलला तर बसलेली बाईमाणसं किंचाळतात ती मजेनं नव्हे. ह्यांनी बसवलेला पाळणा कधी डोलला नव्हता. दुसरे पाळणेवाले त्यांना लांबच्या जत्रेतनं बोलवून न्यायचे, फक्त पाया बघायला. ते गाडीत गेले, पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी घेऊन आले, एक टोक जयमालाच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं. पाइपाच्या दोन टोकांना नळीतलं पाणी एका रेषेत उभं राहिलं. केसभरही खालीवर नाही.

“बघा,” हे म्हणाले. एवढं लांब वाक्य ते पाहुण्यांपुढं सहसा बोलत नाहीत, पण पुढंही बोलले. “कुठंबी धरा. एकच लेव्हल.”

द्वारकाबाईनं नळीकडं बघितलं. मग ह्यांच्याकडं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “मेस्त्री, म्हंजी उतार न्हाईच?”

“उतार कशाला? लेव्हल हाय ना.”

गाडीतून आबांच्या चमच्याचा आवाज तेवढा येत होता. ह्यांनी नळीकडं बघितलं, पाइपाकडं बघितलं, आणि त्यांच्या हातातलं टोक आपोआप खाली आलं. नळीतलं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं.

जयमाला फिसकन हसली.

“दात काढू नगंस,” मी म्हटलं. मग द्वारकाबाईकडं वळले. “आमच्यात तिरकं काही बसवत न्हाईत. आमच्या घराण्यात तशी रीतच न्हाई.”

“अहो, पाळण्याला फिरायचं असतंय. ह्याला खाली जायचंय,” ती म्हणाली. “माझ्या गिरणीत गहू वरनं टाकते. वाट सपाट झाली तर गहूसुद्धा जागचा हलत न्हाई. गहू तरी कोरडा, गोल. हे तर...”

“कळलं, कळलं. सगळं फोड करून सांगू नका.”

पण ह्यांचा चेहरा बघून मला कसंतरी झालं. अर्ध्या महाराष्ट्राच्या जत्रा ज्याच्या लेव्हलवर फिरल्या, तो माणूस आपल्याच संडासाच्या पाइपापुढं उभा होता, ओल्या धोतरानं. त्यांना कुणी हसलेलं मला चालत नाही. तो मान माझा एकटीचा आहे. मी म्हटलं, “मग काय करायचं ते बोला. पिंप खाली घालायचं तर सगळं उपसावं लागंल. आज होतंय का ते?”

“पिंप खाली जात न्हाई,” हे म्हणाले. थोडा वेळ गाडीच्या चाकांकडं बघत राहिले. “तर गाडी वर.”

“किती?”

“चार बोटं.”

बसच्या चारी कोपऱ्यांना आमचे जॅक आणि लाकडी ठोकळे कायमचे असतात. मुक्कामाला गेलं की आधी गाडी लेव्हलला आणायची, मग चूल पेटवायची. मी दारातून आत डोकावलं. “आबा, जरा खाली उतरता का? गाडी उचलायचीय.”

आबांनी पोह्यांतली मिरची बाजूला काढली. “बसलेलं माणूस उठवायचं नसतं.”

“बसू दे त्यांना,” हे मागून म्हणाले. “चहा दे.”

मला कळलं त्यांना काय हवंय ते. मी दोन कप घेतले आणि काठोकाठ भरले, इतके की आणखी एक थेंब मावला नसता. आबांच्या आणि सुधाकरच्या पुढ्यात फळीवर ठेवले. “गरम हायेत. जरा निवू द्या,” म्हणून खाली आले.

एका जॅकवर हे, दुसऱ्यावर जयमाला, तिसऱ्यावर मी. चौथा पाळण्याचा माणूस घ्यायचा, तो गावी. सुधाकर उठतोय का म्हणून मी वर बघितलं, तर आबांनी त्याचा गुडघा दाबून ठेवला होता. तेवढ्यात द्वारकाबाईनं पदर कमरेला खोचला आणि चौथ्या जॅकचा दांडा हातात घेतला.

“मी सांगतो तसं,” हे म्हणाले. “हां... घे. हां... घे. जया, तू थांब. आता घे.”

आम्ही तीन बायका त्यांच्या आवाजावर दांडे मारत होतो. हे एका कोपऱ्याशी बसून सगळी गाडी कानांनी ऐकत होते, लोखंड कुठं कुरकुरतंय, वजन कुठं जास्त आलंय. द्वारकाबाईचा हात एकदाही चुकला नाही. गिरणी चालवलेला हात तो. गाडी अशी वर आली जशी दुधावर साय येते.

आतून खिडकीशी बसलेल्या आबांचा आवाज आला, “सुधाकर, ती बाभळ खचली काय रं?”

ठोकळे सरकवले. जॅक उतरवले. मी आत जाऊन बघितलं. दोन्ही कप काठोकाठ, खालच्या बश्या कोरड्या. मी द्वारकाबाईला हात धरून आत आणलं आणि ते कप दाखवले. बोलले काहीच नाही. मला बोलायची गरज नसते तेव्हा मी बोलत नाही, लोकांना उगाच वाटतं.

“मेस्त्री, मानलं,” ती म्हणाली. हे नुसतंच “हं” म्हणाले, पण धोतर झटकताना त्यांची मान ताठ झाली होती.

पाइपाखाली विटांचे तुकडे, कौलाच्या कपऱ्या लावून त्याला गाडीकडून पिंपाकडं सारखा उतार दिला. जयमालानं आत जाऊन बादली ओतली. गडगड करत पाणी पाइपातून धावलं आणि पिंपात कोसळलं. तो आवाज! मला पाळणा पहिल्यांदा पूर्ण फिरतो तेव्हाच्या आवाजासारखा वाटला.

आता माझी पाळी होती. मी कमरेवर हात ठेवले. “हं, द्वारकाबाई. विचारलं होतंत ना, गाडीत राहतात तर संडासाचं काय करतात? हे करतात. अजून काही विचारायचं राहिलंय?”

ती पिंपाजवळच्या दगडावर बसली होती. निळ्या पिंपावर हात फिरवत होती, म्हशीच्या पाठीवर फिरवावा तसा.

“राहिलंय,” ती म्हणाली. “ही पिंपं कुठं मिळतात?”

“का?”

तिनं गाडीकडं बघितलं. आबा आत होते. ती आवाज खाली आणून म्हणाली, “आमच्याकडं न्हाई.”

“काय न्हाई?”

“संडास. लग्न होऊन आले तवापासनं अंधारात जातीय. उजाडायच्या आत, न्हाईतर दिवेलागणीनंतर. भाऊजी म्हणतात, देवघराच्या वाड्यात ती घाण नको. गिरणी मी चालवते, पण खड्डा खणायला त्यांना विचारावं लागतंय. मध्यस्थ म्हणाला, पोरीच्या गाडीत संडास हाय. मला वाटलं, असली सवय असलेली पोरगी आमच्यात कशी टिकंल? आणि दुसरं वाटलं, गाडीला जमतंय तर...” तिनं वाक्य अर्धवट सोडलं. “म्हणून विचारलं हुतं. तुम्हाला टोचलं असंल.”

चाळीस जत्रांमध्ये कनातीमागं, बैलगाड्यांच्या आडोशाला, पहाटेच्या थंडीत दुसरी बाई पहाऱ्याला उभी करून मी काय काय काढलंय ते मला ठाऊक होतं. म्हणून तर हा हट्ट केला होता. मी तिच्या शेजारच्या दगडावर बसले.

जयमाला मागं उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. म्हणाली, “मावशी, जागा असंल तर मी बसवीन. उतारासकट.”

“जागा हाय. गिरणीच्या मागं.”

“मग अडलंय कशावर?” मी म्हटलं. “थांबा.”

मी उठून गाडीत गेले. आबा चहा संपवून मिशा पुसत होते. “पोरगी आम्हाला पसंत हाय,” ते म्हणाले, जसं काही बक्षीस जाहीर करतायत.

“तुम्हाला हाय. आम्हाला घर पसंत न्हाई,” मी म्हटलं.

सुधाकरचा कप हातातच राहिला. बिचारा पाळण्यात ओकला होता तेव्हा जसा पांढरा पडला होता, तसा पडला.

“काय कमी हाय आमच्या घराला?” आबा.

“संडास. त्याला जागा द्या, मग तारीख काढा. न्हाई दिली तर पोहे खाल्ले ते आमच्याकडनं.”

आबांचं तोंड लाल झालं. “देवाच्या घरात असली गोष्ट मी होऊ देणार न्हाई. बाई, तुम्ही जत्रेतली माणसं, तुम्हाला काय त्याचं?”

“हाच देव्हारा बघा, आबा. आणि ते मागचं दार बघा. गाडीत दोन्ही हायेत. आमच्या देवानं अजून तक्रार केली न्हाई.”

ते उठून उभे राहिले. मला वाटलं, गेलं स्थळ. जयमाला दारात उभी होती, तिच्याकडं बघायची मला हिंमत होईना. पण आबा काही उतरेनात. एकदा पुढच्या दाराकडं बघितलं, एकदा खिडकीतून बाहेर. बाहेर उघडा माळ. ती एक बाभूळ सोडली तर लोणंदपर्यंत आडोसा नाही. फलटणपासून एस.टी.चे धक्के, रिक्षाचे धक्के, वर पोहे, वर काठोकाठ चहा. माणसाच्या तोंडावर एक भाव येतो, तो मी जत्रेत रोज बघते.

पाण्यानं भरलेली बादली नुसती पायानं मागच्या दाराकडं सरकवली.

आबांनी बादलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि धोतराचा सोगा हातात धरून मागं गेले. कडी लागली. आम्ही सगळे खाली उतरून लांब उभे राहिलो. द्वारकाबाईनं तोंडात पदर कोंबला होता. बऱ्याच वेळानं पाइप गडगडला, पिंपात पाणी कोसळलं, आणि आमचे हे कौतुकानं म्हणाले, “गेलं बघ.”

आबा बाहेर आले. हात धुतले. टॉवेल मागितला. मग माळाकडं तोंड करून, कुणालाच उद्देशून नाही असं, म्हणाले, “गिरणीच्या मागं जागा हाय. पण देवघराकडं दार नको.”

“दार तुम्ही म्हणाल तिकडं,” मी म्हटलं.

लग्नात रुखवत मांडला तेव्हा लोक वाकून वाकून बघत होते. लाडू, करंज्या, तांदळाचा बंगला, आणि मधोमध आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेली दोन निळी पिंपं. शेजारी पाइप, तो वळवायचे दोन कोपरे आणि हळदकुंकू लावलेलं पांढरं भांडं. फलटणच्या बायका मला म्हणाल्या, “अहो, हे काय आणलंत रुखवतात?” मी म्हटलं, “मानाचं हाय. हात लावू नका.”

जयमालानं आणि सुधाकरनं ती पिंपं बसवली. नळी घेऊन, मोजून चार बोटं उतार देऊन. ज्या दिवशी तो संडास सुरू झाला, त्या दिवशी द्वारकाबाई पहाटे उठलीच नाही. जयमालाला वाटलं, बरं नसेल. पण ती आरामात उठली, आंघोळ केली, गिरणीत गेली. ऊन चांगलं वर आलं, दळणाचे डबे घेऊन बायकांची रांग लागली. तेव्हा तिनं मोटार बंद केली, हातांवरचं पीठ झटकलं आणि भर उन्हात, सगळ्यांच्या देखत, सावकाश चालत गिरणीच्या मागं गेली. परत आली तीही तशीच सावकाश.

“मावशी, कुठं गेला हुता? आम्ही खोळंबलोय,” रांगेतली एक म्हणाली.

“खोळंबा की जरा,” द्वारकाबाई म्हणाली. “मी लई वर्षं खोळंबले हुते.” आणि तिनं मोटार चालू केली.